देवाला स्वतःचं भान आहे, की त्याचं सगळं उपजतच चाललंय?

वळचणीची_मैना · रविवार, रात्री ९.४०

परवा पहाटे आमची मांजर माझ्या कपाटात व्याली. खालच्या कप्प्यात, इस्त्री करून ठेवलेल्या साड्यांच्या चळतीवर. पहिलटकरीण, जेमतेम वर्षाची. डोळे उघडायच्या आतच आईपासून तुटून आमच्याकडे आलेली, त्यामुळे दुसऱ्या कुणाचं बाळंतपण तिने पाहिलेलं नाही. तरी पिल्लू बाहेर आलं की वेष्टन दातांनी फाडायचं, नाळ तोडायची, चाटून चाटून त्याला श्वास घ्यायला लावायचं, वार खाऊन टाकायची, हे सगळं तिने इतक्या सफाईने केलं की दोन बाळंतपणं झालेली मी टॉर्च धरून नुसती बघत राहिले. चार पिल्लं झाली. एक साडी गेली.

तेव्हापासून एक किडा डोक्यात वळवळतोय. आपण काय करतोय हे तिला कळत होतं का? मला वाटतं, नव्हतं. आणि इतकं अचूक काम न कळता होत असेल, तर हे विश्व चालवणारं जे काही आहे, देव म्हणा, ब्रह्म म्हणा, विश्वमन म्हणा, त्याला तरी आपण काय करतोय ते ठाऊक असायलाच हवं असं कुठे आहे? मांजरीसारखं तेही उपजत बुद्धीने विश्व वीत असेल. की त्याला लख्ख भान आहे? की तेसुद्धा अजून शिकतंय, आपल्याबरोबर घडतंय?

सासऱ्यांना विचारलं. वय ८४, ज्ञानेश्वरी रोजची. म्हणाले, "पहिली ओवी म्हण." म्हटली: ॐ नमो जी आद्या । वेद प्रतिपाद्या । जय जय स्वसंवेद्या । आत्मरूपा ॥ "स्वसंवेद्य म्हणजे काय? तो स्वतःला जाणतो. संपला विषय," आणि चहा मागितला. त्यांचा संपला, माझा नाही. म्हणून हा काथ्याकूट.

देव आहे की नाही यावर कृपया भांडू नका, त्यासाठी इथे चाळीस धागे पडलेत. "असलाच तर कसा" एवढंच बोलू.

चहा_बिस्किट · रात्री ९.५२

कोणती साडी?

वळचणीची_मैना · रात्री ९.५५

नारायणपेठ. पुढे बोलू नका.

शून्य_बाकी · रात्री १०.१५

आहे की नाही हे सोडून कसा आहे ते बोलायचं, म्हणजे विहिरीत न उतरता पोहण्याचा क्लास. तरी खेळतो.

मैनाताई, तुमच्या मांजरीला निदान मेंदू आहे. २०१० साली जपानी संशोधकांनी एका पिवळ्या चिकट बुरशीवर प्रयोग केला. (बुरशी म्हणतात, पण ती खरी बुरशीही नाही.) टोकियो आणि भोवतालच्या गावांच्या जागी ओटचे कण ठेवले आणि या जीवाला मधोमध सोडलं. दिवसभरात त्याने कणाकणाला जोडणारं नळ्यांचं जाळं विणलं, ते तिथल्या रेल्वेच्या जाळ्याशी तुल्यबळ ठरलं. मेंदू नाही, मज्जातंतू नाहीत, आणि काम करायला इंजिनियरांच्या पिढ्या लागल्या असत्या असं. जिथे अन्न मिळतं ती नळी जाड होते, मिळत नाही ती सुकते. एवढाच नियम.

म्हणजे काम शहाण्यासारखं दिसलं की करणारा शहाणा, हे अनुमानच पोकळ. तुमच्या तीन पर्यायांतला पहिला घेतो, आणि त्यातून "देव" हा शब्दही काढून टाकतो.

पाणिनीचा_शेजारी · रात्री ११.३०

ताई, तुमची मांजर फार जुन्या वादात शिरली आहे. फक्त त्या वादात मांजर नव्हती, गाय होती.

सांख्य दर्शनवाल्यांचं म्हणणं असं की जग प्रधानातून, म्हणजे मूळ प्रकृतीतून घडतं आणि ही प्रकृती जड आहे, तिला काही कळत नाही. मग न कळणारी वस्तू हेतूने कशी वागेल? ईश्वरकृष्णाने सांख्यकारिकेत (५७) उत्तर दिलं: वत्सविवृद्धिनिमित्तं क्षीरस्य यथा प्रवृत्तिरज्ञस्य । पुरुषविमोक्षनिमित्तं तथा प्रवृत्तिः प्रधानस्य ॥ वासरू वाढावं म्हणून दूध वाहतं, पण दुधाला ते कुठे ठाऊक असतं? तसंच प्रकृतीचं. तुमचा पहिला पर्याय तो हाच.

यावर वेदान्ताच्या मूळ ग्रंथात, ब्रह्मसूत्रांत, "पयोऽम्बुवच्चेत्तत्रापि" (२.२.३) असं सूत्र आहे. शंकराचार्य भाष्यात म्हणतात, दूध आपोआप वाहत नाही. गाय चेतन आहे, तिला वासराची माया आहे, त्या मायेने ती दूध सोडते. शिवाय वासरू ओढतं म्हणून ते येतं. नुसत्या दुधाकडे बघून गाईला विसरू नका. आणि मुळात उपनिषद म्हणतं "तदैक्षत बहु स्यां", त्याने पाहिलं, मनात आणलं, मी अनेक व्हावं. जड वस्तू मनात काही आणत नाही.

गंमत अशी की हेच आचार्य सात सूत्रं आधी, "लोकवत्तु लीलाकैवल्यम्" (२.१.३३) वर लिहिताना, ईश्वर जग कशासाठी निर्माण करतो याचं उत्तर देताना श्वासाचा दाखला देतात. श्वास आत-बाहेर होतो तो काही मिळवायला नव्हे, स्वभावानेच होतो. आता श्वास कुणी मनात आणून घेतं का? दूध म्हटलं की भान हवं आणि श्वास म्हटला की नको, हे मला तरी अजून जुळवता आलेलं नाही. चाळीस वर्षं शिकवलं हे.

बडोदेकर · सोमवार, सकाळी ७.१०

तिसऱ्या पर्यायाचे वकील म्हणून योगी अरविंदांचं नाव येणारच, तेव्हा आधीच सांगतो. "देव उत्क्रांत होतो" असं ते म्हणत नाहीत. चैतन्य आधी स्वतःला जडात दडवतं आणि मग जड, जीव, मन अशा पायऱ्यांनी उलगडत जातं असं त्यांचं म्हणणं. उलगडणं वेगळं, शिकणं वेगळं. घडी घातलेली साडी उलगडली म्हणून नवी होत नाही (साडीबद्दल क्षमस्व).

अवांतर: हे त्यांनी १९१४ पासून 'आर्य' मासिकात लिहिलं, पण मन पुरतं रिकामं करायचं कसं ते त्यांना १९०८ च्या सुरुवातीला आमच्या बडोद्यात एका मराठी माणसाने, विष्णु भास्कर लेले यांनी, शिकवलं. तीन दिवस एका खोलीत बसून.

गोठ्यावरून · सोमवार, सकाळी ९.०५

मी फक्त वाचत असतो, पण गाय निघाली म्हणून लिहितो. संगमनेर तालुक्यात गोठा आहे, चौदा जनावरं, त्यात दोन गीर, बाकी संकरित. दोन्ही पंडितांनी धार काढलेली दिसत नाही. हलके घ्या.

कासेत दूध आहे म्हणून ते येतं, असं नसतं. सडात तयार असतं ते थोडंच. बाकीचं वर अडकलेलं. कास धुतली, सडाला हात लागला, की मिनिटभराने पान्हा फुटतो. डॉक्टरांनी समजावलं तसं सांगतो: स्पर्शाची खबर मेंदूला जाते, तिथल्या ग्रंथीतून ऑक्सिटोसिन रक्तात उतरतं, कासेत दुधाभोवतीच्या पेशी आवळतात आणि दूध खाली येतं. पाच-सात मिनिटांत जोर ओसरतो, तेवढ्यात धार आटपायची. हे गाय "करत" नाही. तिने कितीही मनात आणलं तरी तिला पान्हा आणता येत नाही. इथपर्यंत ते सांख्यवाले बरोबर.

पण गोठ्यात परका माणूस आला, कुत्रं भुंकलं, कुणी काठी उगारली, की गाय पान्हा चोरते. बादली अर्धीच. आपण चोरते म्हणतो, पण तीही ठरवून चोरत नाही हो. भ्यायली की तिच्या रक्तात दुसरं काही उतरतं आणि ते पान्ह्याला अडवतं. म्हणजे माझ्या अनुभवाने, गाय सावध झाली की दूध थांबतं. ती आपल्याच नादात रवंथ करत असली की सुटतं. शंकराचार्यांनी गाईला भान दिलं ते खरं, पण त्या भानाने दूध येत नाही, अडतं.

आणि माया म्हणाल तर, संकरित गाईला वासरू लागत नाही. मशीनची मोटर सुरू झाली, आंबोणाचं टोपलं दिसलं की पान्हवते. गीर मात्र वासरू तोंडाशी नसलं तर सड कोरडे. आजोबांच्या काळी वासरू मेलं तर त्याच्या कातड्यात पेंढा भरून गाईपुढे ठेवायचे. ती ते चाटायची आणि दूध द्यायची.

चहा_बिस्किट · सकाळी ९.११

इथे रोज चार ओळी लिहा दादा. आम्ही वर्गणी काढू.

शून्य_बाकी · सकाळी ९.४०

पेंढा भरलेलं वासरू! धागा इथेच संपवायला हरकत नाही. गाय म्हणजे आपण, आणि गाभाऱ्यात उभं आहे ते पेंढ्याचं. चाटतो, पान्हवतो, डोळे भरून येतात. माझी आई दर एकादशीला रडते, ते रडणं मी पाहिलेलं आहे आणि ते खरं आहे. दूध खरंच असतं, वासरू नसतं.

क्सेनोफेनिस नावाचा एक ग्रीक होता, इसवी सनापूर्वी सहाव्या शतकातला. तो म्हणाला, बैलांना आणि घोड्यांना हात असते तर बैलांनी बैलासारखे देव काढले असते. देवाला भान आहे का, तो शिकतो का, हे सगळं आपलंच नाकीडोळी वर्णन आहे.

पाणिनीचा_शेजारी · दुपारी २.२०

गोठेवाले दादा, दंडवत. "भान आलं की अडतं" हे वाचून मी पुस्तक काढलं, कारण हे मी वाचलेलं आहे आणि कधी लक्षात आलं नव्हतं.

बृहदारण्यक उपनिषद, पहिला अध्याय, चौथं ब्राह्मण (म्हणजे प्रकरण). आरंभी एकटा आत्माच होता. त्याने भोवती पाहिलं, स्वतःखेरीज काही दिसलं नाही. तो पहिला शब्द बोलला: "सोऽहमस्मि", मी आहे. हे झालं तुमचं भान. आणि थोडंच पुढे काय? "सोऽबिभेत्." तो भ्याला. मी आहे असं कळल्याबरोबर त्याला आनंद झाला नाही, उजेड पडला नाही. भीती वाटली. एकटा माणूस भितो तो त्यामुळेच, असं उपनिषद सांगतं. मग त्याने विचार केला, माझ्याशिवाय दुसरं कुणी नाही तर मी भितो कुणाला? भीती गेली. पण "स वै नैव रेमे", त्याचं मन रमेना. म्हणून त्याला दुसरं हवंसं वाटलं, आणि तिथून सृष्टी.

भान येतं, भीती येते, विचाराने ती जाते, मग एकटेपण, मग इच्छा. ताई, तुम्ही तीन पर्याय मांडलेत. या ऋषीला ते पर्याय वाटलेच नसावेत, एकाच जीवाच्या आयुष्यातल्या वेळा वाटल्या असाव्यात. आणि हा स्वतःला ओळखणारा, भिणारा, कंटाळणारा देव घडतोच आहे की! नंतरच्या आचार्यांनी त्याला हिरण्यगर्भ ठरवून परब्रह्मापासून एक पायरी खाली बसवला. मला ती पायरी सोयीची वाटते, मुळातलं वाक्य अधिक धाडसी वाटतं.

शून्य_बाकी, आपलंच नाकीडोळी वर्णन आहे हे मान्य. एकटेपणा माणसाचाच आहे. पण माणूस या विश्वाबाहेरून आलेला नाही ना? विश्वात एकटेपणा नावाची गोष्ट आहे, एवढं तरी त्यातून सिद्ध होतं.

शून्य_बाकी · दुपारी २.३३

विश्वात दाढदुखीही आहे. म्हणून विश्वमनाची दाढ दुखते का?

पाणिनीचा_शेजारी · दुपारी २.३५

तुमची दुखते तेव्हा, कदाचित.

नागनदीकाठचा · संध्याकाळी ६.५०

बौद्ध तत्त्वज्ञ धर्मकीर्ती सातव्या शतकात हे सगळं एका प्रश्नात गुंडाळून गेला आहे. जो नित्य आहे, कधी बदलत नाही, तो सृष्टीच्या आधी कारण नव्हता आणि मग कारण झाला, हे कसं? काहीतरी बदललं म्हणून झाला असेल तर तो नित्य उरला नाही. काहीच बदललं नसेल तर तो कारण नाही. "देव भ्याला, मग इच्छा झाली" म्हणणाऱ्याने निदान पहिलं कबूल केलं, त्याबद्दल त्या उपनिषदाचं कौतुक. पण बदलणारं ते अनित्य, आणि अनित्य आहे त्याला देव म्हणून वेगळा पाट मांडायचं कारण काय? ते तर सगळंच आहे. तुमची मांजर, ते दूध, मी.

बाबासाहेबांनी 'बुद्ध आणि त्याचा धम्म'मध्ये ईश्वरावरचा विश्वास हा धम्माचा भाग नाही असं प्रकरणच घातलं आहे. आमच्या घरी तेच वाचून मोठे झालो. त्यामुळे हा प्रश्न मला पडत नाही, पण धागा आवडला.

धुकं · मंगळवार, मध्यरात्री १.१५ (इकडे संध्याकाळ)

एडिनबरोहून. मी ज्या विद्यापीठात काम करतो तिथेच १९२७-२८ साली व्हाइटहेड या गणितज्ञाने व्याख्यानं दिली, त्यांचं १९२९ साली पुस्तक झालं. धर्मकीर्तीचा पेच त्याने उलटा सोडवला: देव बदलतो हे मान्यच करून टाकलं. त्याच्या देवाला दोन बाजू. एक मूळची: तिच्यात काय काय होऊ शकतं त्या साऱ्या शक्यता आहेत, ती पूर्ण आहे, पण तिला जाणीव नाही. तो सरळ 'अजाण' म्हणतो. दुसरी मागाहूनची: जगात जे घडतं ते देव आपल्यात घेत जातो, कण न कण, आणि जाणीव येते ती या बाजूला. म्हणजे आरंभीचा देव अजाण, आणि जगामुळे जाणता. त्याचा देव जगाला धाकात ठेवत नाही. तो बरोबर सोसतो आणि समजून घेतो.

व्हाइटहेडचा धाकटा मुलगा पहिल्या महायुद्धात १९१८ साली विमानदलात मारला गेला. पोरगा गमावलेल्या बापाचा हा देव आहे, हे मनात ठेवून वाचलं की ते अतिशय किचकट पुस्तक मला थोडं सोपं जातं. तर्काच्या दृष्टीने हा काही पुरावा नव्हे, ठाऊक आहे.

माळकरी · मंगळवार, सकाळी ६.३०

राम कृष्ण हरी. दोनच गोष्टी.

एक. मैनाताई, तुम्ही "उपजत" शब्द वापरलात. जो उपजलाच नाही त्याला उपजत काय असणार?

दोन. धुकंसाहेबांच्या गणितज्ञाला जे म्हणायचं आहे त्याला आमच्याकडे तुकोबांच्या चार ओळी पुरतात. भक्ताविण देवा । कैंचें रूप घडे सेवा ॥ शोभविलें येर येरां । सोनें एके ठायीं हिरा ॥ देवाविण भक्ता । कोण देता निष्कामता ॥ तुका म्हणे बाळ । माता जैसें स्नेहजाळ ॥ भक्त नसता तर देवाला रूप कुठलं? कोंदणाशिवाय हिरा आणि हिऱ्याशिवाय कोंदण, दोन्ही ओकेबोकेच. आणि शेवटी कुठे आले बघा तुकोबा: आई आणि बाळ. त्यांनी आईची माया म्हटलं नाही, बाळाची ओढ म्हटलं नाही. जाळं म्हटलं. जाळ्याला एक टोक नसतं.

पेंढ्याच्या वासराबद्दल शून्य_बाकी यांना एवढंच: तुम्ही देवाला वासरू केलंत. आम्ही त्याला विठाई म्हणतो. आमच्याकडे वासरं आम्ही.

शून्य_बाकी · सकाळी ८.०५

मग पेंढा तुमच्यात भरलाय असं झालं.

माळकरी · सकाळी ८.२०

असेल. तरी ती चाटते.

वळचणीची_मैना · मंगळवार, रात्री ८.४५

माझीच मांजर माझ्या हातून निसटली, पण छान निसटली.

माळकरीबुवा, उपजतचं मान्य, शब्द मागे घेते. सासऱ्यांना सगळा धागा वाचून दाखवला. "मी आहे म्हणाला आणि भ्याला" इथे थांबले आणि ते वाक्य परत वाचायला सांगितलं. मग बराच वेळ काही बोलले नाहीत. नंतर म्हणाले, माउलींनी चांगदेवांना पासष्ट ओव्यांत हेच सांगितलंय, आरसा पुढे आला की मुखच मुखाला बघतं, पण आरसा नसला म्हणून मुख कुठे जात नाही. मी म्हटलं, मुख असतं हो, पण त्याला दिसतं का? "स्वसंवेद्य" म्हणजे स्वतःला जाणतो की स्वतःच स्वतःला जाणता येण्याजोगा आहे? दोन्हींत फरक आहे ना? मुख असणं वेगळं आणि मुख दिसणं वेगळं. यावर ते म्हणाले, "तू फार वाचतेस हल्ली." रागावले नव्हते.

मला स्वतःला व्हाइटहेडचा आधी अजाण आणि जगामुळे जाणता देव पटतोय असं वाटायला लागलंय. मूल झाल्यावर मी आई झाले, आधी नव्हते. आणि झाले तेव्हा पहिल्या रात्री मला आनंदापेक्षा भीतीच जास्त वाटली होती, हे कुणाला सांगितलं नव्हतं. मांजरीला ती वाटलेली दिसली नाही. की मला दिसली नाही?

गोठेवाले दादा, एक विचारायचं राहिलं. ते पेंढ्याचं वासरू. गाईला कळत असेल का हो?

गोठ्यावरून · मंगळवार, रात्री ९.३०

ताई, मी स्वतः ते कधी केलं नाही, लहानपणी एकदाच पाहिलंय. सुरुवातीला ती त्याला चाटून चाटून ओलं करायची, कातडं झिजेपर्यंत. पंधरा-वीस दिवसांनी चाटायची थांबली. नुसती त्याच्याकडे तोंड करून उभी राहायची, आणि दूध द्यायची. वेत संपेपर्यंत दिलं तिने.

आजी म्हणायची, तिला पहिल्या दिवसापासून ठाऊक होतं. आजोबा म्हणायचे, जनावराला काय कळतंय, सवय आहे ती. यावरून दोघांचं शेवटपर्यंत वाजायचं.

चला, पहाटे चारला धार आहे.

शून्य_बाकी · रात्री ९.३८

आजोबांना +१.

माळकरी · रात्री ९.४१

आजींना.